खिडकीतला पाट

खरं सांगायचं तर या ग्रुपवर मी दोन वर्षं आहे ते निव्वळ टाइमपास म्हणून. कुणाला घाटात बाई दिसते, कुणाकडे वडाखालचा म्हातारा विडी मागतो... मी जेवणाच्या सुट्टीत वाचतो, हसतो आणि डबा बंद करतो. एक-दोघांच्या पोस्टवर खवचट कमेंटही टाकल्यात. ज्यांना लागल्या असतील त्यांनी माफ करा. माझा धंदाच तसा आहे. रोह्याजवळ धाटावला एका केमिकल कंपनीत मी इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन आहे – प्रेशर गेज, टेंपरेचरचे ट्रान्समीटर असलं काय काय दुरुस्त करतो. काटा उगाच हलायला लागला की कुठेतरी वायर सैल असते. वीस वर्षं हेच करतोय, आणि दर वेळी वायरच सैल निघाली आहे.

आधी घरचं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमचं गाव पेणच्या खारेपाटात, अगदी खाडीच्या काठाला. गावाचं नाव देत नाही. आई-वडील दोघंही मिठागरावर राबले. आम्ही दोन भाऊ. मी प्रशांत, थोरला, आणि माझ्याहून सहा वर्षांनी धाकटा उमेश. मला आयटीआय, नोकरी, लग्न, रोह्यात बिऱ्हाड असं सगळं ओळीने मिळत गेलं. उमेशचा हात चित्रकलेचा. शाळा सुटल्यावर तो पेणला एका कारखान्यात जायला लागला आणि तिथलाच होऊन गेला.

पेणमध्ये नुसतं ‘कारखाना’ म्हटलं की गणपतीच्या मूर्तींचा. आमच्याकडे गणपती दुकानातून उचलून आणत नाहीत. घरचा लाकडी पाट दोन महिने आधी कारखान्यात नेऊन द्यायचा, मूर्ती त्याच पाटावर घडवायची, आणि चतुर्थीला पाटासकट घरी आणायची. शेकडो पाटांत आपला बदलून जाऊ नये म्हणून खालच्या बाजूला ऑइलपेंटने नाव-गाव लिहिलेलं असतं. आमच्या पाटावर ते वडिलांनी स्वतः लिहिलं होतं. एका कोपऱ्याला निरांजन कलंडल्याचा काळा डाग होता, आणि समोरचा कोपरा वडिलांनी करवतीने उडवला होता, कारण एका वर्षी तो मखरात बसत नव्हता. इतका कुरूप पाट पंचक्रोशीत नसेल.

नऊ वर्षांपूर्वी आषाढात घरात भांडण झालं. उमेशसाठी कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर जागा होती. ती मीच आणली होती, तेही सांगून टाकतो. तो नको म्हणाला. म्हणाला, मी आखणी शिकतोय. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढायचं काम. ते सगळ्यात शेवटी होतं आणि कुणाच्याही हाती देत नाहीत.

“चिखलच तुडवाचा व्हता तं मिठागर काय वाईट व्हता?” वडील म्हणाले.

शब्दाला शब्द वाढला. त्या दिवशी पाट पेणला द्यायचाच होता, तो काखेत मारून उमेश निघाला. वडील ओटीवरून ओरडले, “आता गनपती घेऊनच ये! नायतं येऊ नको!”

तो गेला. महिन्याभराने त्याचा फोन लागेनासा झाला. आम्हाला वाटलं, राग आहे, उतरेल.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी वडील आणि मी बाइकवरून कारखान्यात गेलो. दारात टेम्पोंची रांग, माणसांची झुंबड. वडिलांनी मालकाला विचारलं, “आमचा पाट कया हाय?”

मालक म्हणाला, “पाट तर उमेशच घेऊन गेला. दुसरीकडे करतो म्हणाला.”

“पाट पन नेला!” एवढंच बोलून वडील मागे फिरले आणि येऊन गाडीवर बसले. मालक मागून म्हणाला, “अहो थांबा, तो इथंच –”

मागचा टेम्पो हॉर्न मारत होता. मी किक मारली आणि निघालो.

दोघं बारा किलोमीटर गेलो होतो, आणि विचारलं ते पाटाबद्दल. उमेश कुठे आहे, कसा आहे, हे वडिलांनी विचारलं नाही. ते रागात होते. मी तर रागातही नव्हतो. मीही विचारलं नाही.

त्या वर्षी तयार मूर्ती आणली, नवा पाट केला. उमेश आला नाही. गावात कुणी म्हणे सुरतेला आहे, कुणी म्हणे मुंबईत. पोलिसांत जाऊ म्हटलं की वडील म्हणायचे, “पलाला त्याची कसली तक्रार?” वडील चार वर्षांपूर्वी गेले. शेवटपर्यंत त्यांनी उमेशचं नाव घेतलं नाही. बोलायची वेळ आलीच तर म्हणायचे, “पाट घेऊन गेला तो.”

आता मूळ गोष्टीवर येतो. यंदा उधाणाला बांध फुटला आणि आमच्या घरात दोनदा गुडघाभर खारं पाणी शिरलं. भिंतींचा गिलावा पापुद्र्यासारखा निघायला लागला. आई एकटी राहते, गुडघे गेलेले. माझं बिऱ्हाड रोह्यात तिसऱ्या मजल्यावर, एक खोली आणि स्वयंपाकघर, लिफ्ट नाही. म्हणून आमच्याजवळ, रोह्याला लागून असलेल्या वरसे गावात, तळमजल्यावर एखादी खोली घ्यावी असं मी आणि सुजातानं, म्हणजे बायकोनं, ठरवलं. आई ऐकेना. तिचं नऊ वर्षं एकच, “तो आयला नि घराला कुलूप दिसला तं? परत जाईल तो.”

मी चिडायचो. एकदा तर बोलून गेलो की यायचं असतं तर आला असता. आई ताट घेऊन मोरीकडे गेली. ते अजून मनात आहे.

तरी मी खोल्या शोधत होतो. भाड्याच्या खोल्यांचं ॲप असतं ना, त्यावर. ठिकाण रोहा-वरसे, तळमजला, कुटुंबासाठी. तर यादीत पहिली जाहिरात यायची पेणची. मी ती ‘नको’ करायचो, दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिली. यात मला काही वाटलं नाही. ॲपवाले काहीही दाखवतात, मी चप्पल शोधली तर मला फ्रीज दाखवतात.

एका रविवारी आईला डॉक्टरकडे दाखवायला रोह्याला आणलं होतं. दुपारी जेवणं झाली. सुजातानं माझा फोन तिच्या हातात दिला. “आई, तुम्हीच बघा, कुठली खोली आवडते. असं बोट फिरवायचं.” आई नाइलाजाने बोट फिरवत होती. मी आडवा झालो होतो. बराच वेळ काही आवाज आला नाही म्हणून बघितलं, तर आई फोन डोळ्यांजवळ धरून बसलेली.

“परशांत,” ती म्हणाली, “ह्यो पाट आपला हाय.”

तीच पेणची जाहिरात होती. सहावा फोटो. लाकडी दारांची जुनी खिडकी, रुंद कट्टा, आणि कट्ट्यावर वाळत ठेवल्यासारखा पाटावरचा छोटा गणपती. कच्च्या मातीचा, रंग नाही, डोळे नाहीत.

“आई, पाट सगळे सारखेच असतात गं.”

“कोपरा बग.”

मी फोटो मोठा केला. एका कोपऱ्याला काळा डाग. समोरचा कोपरा करवतीने उडवलेला, तोही तिरका, वडिलांचा हात होता तसाच. सुजातानं खांद्यावरून वाकून बघितलं आणि माझ्या हातातून फोन घेऊन स्क्रीनशॉट काढला. तिला तेव्हा ते सुचलं म्हणून बरं.

जाहिरातीतल्या नंबरावर फोन लावला. एक माणूस बोलला, नागोठण्याला कंपनीत नोकरीला. खोली त्याच्या मावशीची, जाहिरात त्यानं टाकलेली. मी गणपतीच्या फोटोचं विचारलं, तर तो म्हणाला, “गणपती? मी पाचच फोटो टाकलेत दादा. खोली, किचन, मोरी, दार आणि अंगण.”

मी जाहिरात पुन्हा उघडली. पाच फोटो होते. खोली, किचन, मोरी, दार, अंगण.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकली आणि आम्ही तिघं सकाळच्या गाडीने पेणला गेलो. रस्ताभर मी मनात वायर शोधत होतो. जुना फोटो असेल, चुकून चढला असेल, मग त्यानं काढला असेल आणि आता नाही म्हणत असेल. आई खिडकीपाशी बसून होती. एकदाच म्हणाली, “तो तया असल तं मी काय बोलू त्याला?” सुजातानं तिचा हात धरला.

घर सापडलं. उमेशच्या जुन्या कारखान्यापासून दोन आळ्या सोडून. बाहेरून मी ते आधीही शंभर वेळा बघितलं असेल. मालकीणबाई सत्तरीच्या, नीटनेटक्या, सगळे त्यांना काकू म्हणतात. त्यांनी कुलूप काढलं. नुकतीच रंगवलेली रिकामी खोली. खिडकीला ॲल्युमिनियमची सरकती तावदानं.

मी स्क्रीनशॉट दाखवला. काकूंनी चष्मा लावला, बघितलं, आणि तिथेच उंबऱ्यावर बसल्या.

“ही लाकडी दारं... अहो, ती वाळवीनं खाल्ली म्हणून दोन वर्षांपूर्वी काढली मी. बंबात घालून जाळलीसुद्धा.”

म्हणजे फोटो जुना, मी म्हणालो. मला हायसंच वाटलं.

काकूंनी फोटोतल्या खिडकीच्या बाहेर बोट ठेवलं. मागे हिरवी जाळी बांधलेली एक इमारत दिसत होती. मग त्यांनी खोलीतल्या खिडकीकडे हात केला. तीच इमारत, तीच हिरवी जाळी.

“ते काम यंदा पाडव्यानंतर सुरू झालंय,” काकू म्हणाल्या. “तोवर तिथं चिंच होती.”

मी दोनदा खिडकीपाशी गेलो आणि फोटो समोर धरून बघितलं. जाळीवर मजल्यांच्या खुणा होत्या, त्याही जुळत होत्या. मला त्यात सैल वायर सापडली नाही.

आईला या कशात रस नव्हता. तिनं काकूंना विचारलं, “या पाटावाला पोरगा कया हाय?”

काकूंनी आईकडे बघितलं आणि त्यांना कळलं असावं. त्या म्हणाल्या, “तुम्ही उमेशच्या आई का हो?”

पुढचं थोडक्यात लिहितो. लांबण लावायची ताकद नाही.

त्या वर्षी काकूंच्या मागच्या पडवीत एकजण हंगामापुरता छोटा कारखाना चालवत होता. उमेश तिथं काम करायचा आणि या खोलीत राहायचा. कुणाकडून करून न घेता घरचा गणपती तो स्वतः घडवत होता, मोकळ्या वेळात. काकू विचारायच्या, अरे घरी जाऊन ये की. तो हसायचा. “गणपतीशिवाय जाता येत नाही काकू, तशी अट आहे.” त्यांना ती थट्टा वाटायची. मग पावसात त्याला ताप आला. मूर्ती झाली होती, मातीच्याच रंगात ठेवायची होती, फक्त डोळे राहिले होते. हात थरथरतोय म्हणायचा, ताप उतरला की डोळे काढतो आणि निघतो. मग डोळे पिवळे दिसायला लागले, तेव्हा काकूंनी त्याला रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं. आधी कावीळ म्हणाले, मग लेप्टोचा ताप. तिसऱ्या दिवशी गेला. फोन महिनाभर आधीच बंद पडला होता. पोलिसांनी चौकशी केली, पण पडवीतला कारखाना तोवर उठला होता, त्यामुळे नावापलीकडे कुणाला काही माहीत नव्हतं, आणि आमचं आडनाव असं की खारेपाटातल्या कुठल्याही गावात हाक मारली तर दहा माणसं वळून बघतील.

“अग्नी माझ्या भाच्यानं दिला,” काकू म्हणाल्या. “वाट बघितली हो आम्ही.”

“दवाखान्यात कधी नेलंत?” मी विचारलं.

“चतुर्थीच्या आदल्या दिवशी.”

किती वाजता, ते मी विचारलं नाही. मला ते नको होतं.

आई रडली नाही. म्हणाली, “पाट?”

काकूंनी माळ्याकडे बोट दाखवलं. मूर्तीला डोळे नाहीत, म्हणजे पूजा नाही, मग विसर्जन तरी कसं करायचं? टाकवतही नव्हती. म्हणून पाटासकट चादरीत गुंडाळून नऊ वर्षं तशीच ठेवलेली. मी शिडी लावून ती खाली आणली. चादरीवर बोटभर धूळ होती, म्हणजे तिला कुणी हात लावलेला नव्हता. आत गणपती जसाच्या तसा. सोंडेशी एक बारीक भेग, बस. आईनं उडवलेल्या कोपऱ्यावरून हात फिरवला.

“खाली नाव असल,” ती म्हणाली.

मी आणि सुजातानं पाट दोन्ही बाजूंनी उचलून धरला. काकूंनी वाकून खालून बघितलं. वडिलांचं अक्षर, निळा ऑइलपेंट, जराही उडालेला नाही. वडिलांचं नाव, गावाचं नाव, खाली ‘बांधाजवळ’.

“अगं बाई...” काकू म्हणाल्या. “मी खालून कधी बघितलंच नाही. देवाचा पाट, उलटा कशाला करायचा... मी बघितलंच नाही.”

त्या हमसून हमसून रडायला लागल्या. आईच त्यांना जवळ घेऊन बसली. “तुमी त्याला पानी पाजलावं ना? मंग बास झाला,” असं काहीबाही म्हणत राहिली. मी मोरीत गेलो आणि नळ सोडून उभा राहिलो.

नंतर मी जुन्या कारखान्याच्या मालकाकडे गेलो. नऊ वर्षांपूर्वी तुम्ही ‘तो इथंच’ म्हणालात, पुढे काय म्हणणार होतात, असं विचारलं. त्यांना तो दिवस आठवतही नव्हता. उमेश मात्र आठवत होता. “गेल्याचं ऐकलं होतं मी, दिवाळीच्या सुमाराला. वाटलं, घरी माहीत असेलच. तुम्ही पुन्हा पाट घेऊन आला नाहीत, म्हटलं दुःख आहे घरात.”  डोळे मी काढतो, आणा मूर्ती, एवढं म्हणाले.

आईनं काकूंची ती खोली घेतली. रोह्याला यायला अजूनही नाही म्हणते, पण गावातलं घर सोडायला आता तिची हरकत नव्हती. मी सुट्टीला पेणला जातो. काकूंचा भाचा पहिल्यांदा आला तेव्हा आईनं त्याला समोर बसवून जेवायला वाढलं आणि तो जेवेपर्यंत त्याच्याकडे बघत राहिली. तो बिचारा अवघडून गेला होता.

फक्त एक गोष्ट तिनं अडून मागितली. गणपती पेणच्या खोलीत बसवायचा नाही. दीड दिवस का होईना, गावच्या घरात.

चतुर्थीला सकाळी मालकांनी आमच्यासमोर शेवटचा डोळा पुरा केला. आम्ही टेम्पोतून गावाला गेलो. घराचं दार खाऱ्या पाण्यानं फुगलेलं, भिंतीवर कमरेखाली पाण्याच्या रेघा. मी पाट डोक्यावर घेऊन अंगणात उभा राहिलो. सुजातानं माझ्या पायांवर पाणी घातलं. आई गुडघे धरत आधी आत गेली होती. वडील बसायचे त्या कोपऱ्याकडे तोंड करून ती मोठ्यानं म्हणाली,

“अवो, बगा. आयला तो. गनपती घेऊन आयला.”

डोक्यावर पाट होता, त्यामुळे मला डोळेही पुसता येत नव्हते.

स्क्रीनशॉट अजून माझ्या फोनमध्ये आहे. भाच्याला विचारलं, त्याच्या फोनमध्ये तसला फोटो नाही. ॲपच्या कस्टमर केअरला तीन मेल केले, ते म्हणतात जाहिरातीत पहिल्यापासून पाचच फोटो आहेत. कंपनीतल्या आयटीच्या पोराला दाखवला. तो म्हणाला, एआयने बनवला असेल कुणीतरी. कुणी, आणि आमच्या पाटाचा कोपरा त्याला कुठून कळला, हे त्यालाही सांगता आलं नाही. तुमच्यापैकी कुणाला काही सुचत असेल तर सांगा, खवचटपणे सांगितलंत तरी चालेल. त्या वर्षी कारखान्याच्या दारात मी काहीच विचारलं नव्हतं. पण या वेळी मी सगळ्यांना विचारलं तरी.